जुन्या आरपीजीचा रिमेक: चित्रं बदला, हिशेब जपा

प्रश्न असा आहे: "जुन्या आरपीजी (रोल-प्लेइंग, म्हणजे पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायच्या) गेम्सचे 'मुळाशी इमान राखणारे' रिमेक हल्ली सारखे येतात. गोष्ट तीच, नकाशा तोच. मग नुसत्या नव्या ग्राफिक्ससाठी नव्या गेमची पूर्ण किंमत का मोजायची? आणि गेम आधीच तयार असताना तो पुन्हा बनवायला तीन-तीन वर्षं का लागतात? मी मूळ गेम्स खेळलेलो नाही. सुरुवात कुठून करू?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे. माझं काम पोर्टिंगचं. एका मशीनसाठी लिहिलेला गेम दुसऱ्या मशीनवर असा चालवायचा की खेळणाऱ्याच्या बोटांना फरक कळू नये. या कामात चित्रांवर पैसा सगळ्यात जास्त जातो, पण डोकं शिणवतात ते आकडे. कुठल्या राक्षसाला किती हिट पॉइंट (म्हणजे मार सोसण्याची ताकद), किती पावलांमागे एक लढाई, हरल्यावर काय गमवायचं, सरायमध्ये एका रात्रीचे किती पैसे. आरपीजी हा मुळात हिशेबाचा खेळ आहे. रिमेक इमानी आहे का, हे मी तरी त्या हिशेबावरूनच ठरवतो.

आता "गेम आधीच तयार असतो" या समजुतीबद्दल. स्टुडिओच्या हातात बऱ्याचदा असते ती दुकानात विकली गेलेली कार्ट्रिज किंवा डिस्क. ती ज्यातून तयार झाली तो सोर्स कोड (प्रोग्रॅमरांनी लिहिलेला मूळ प्रोग्रॅम), मोठ्या आकारात काढलेली मूळ चित्रं, संगीताच्या फाइल्स यातलं काहीच नसतं. १९९७ च्या 'फायनल फँटसी टॅक्टिक्स'ची नवी आवृत्ती, 'द इव्हॅलिस क्रॉनिकल्स', ३० सप्टेंबर २०२५ ला आली. तिचे दिग्दर्शक काझुतोयो माएहिरो मूळ गेमच्या टीममध्येही होते. मूळ सोर्स कोड शिल्लक नव्हता हे त्यांनी उघडपणे सांगितलं. त्या काळी इंग्रजी आवृत्ती करायची म्हटलं की जपानी आवृत्तीच्याच फाइल्सवर काम चालू व्हायचं, जुन्याची प्रत ठेवायची पद्धतच नव्हती. मग टीमने आधीच्या निरनिराळ्या आवृत्त्या खेळल्या, शेजारी-शेजारी ठेवून तपासल्या आणि आतली गणितं उलगडून पुन्हा लिहिली. 'किंगडम हार्ट्स'च्या २०१३ च्या एचडी आवृत्तीच्या वेळीही मूळ डेटा हरवल्यामुळे विकलेल्या डिस्कमधूनच माल खणून काढावा लागला होता. 'आइसविंड डेल २'चा सोर्स कोड सापडलाच नाही. पहिल्या भागाची सुधारित आवृत्ती निघाली, दुसऱ्याची निघू शकली नाही.

रिमेक म्हणजे तयार मालाला नवा रंग, असं वाटणाऱ्यांनी आपल्या इथलं एक उदाहरण आठवावं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' हा काही आरपीजी नाही, पण त्याच्या रिमेकचं काम युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं. सप्टेंबर २०२० मध्ये तो जाहीर झाला, जानेवारी २०२१ ची तारीखही मिळाली, मग तारीख पुढे गेली आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवलं गेलं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटत होतं की गेम तर २००३ पासून तयारच आहे.

सोर्स कोड मिळाला किंवा जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा चालवता आला, तर एक आडवळणाचा पण फार चांगला रस्ता उघडतो. आत जुना गेम चालू ठेवायचा आणि वर नवं चित्र काढायचं. 'विझर्ड्री: प्रूव्हिंग ग्राउंड्स ऑफ द मॅड ओव्हरलॉर्ड' हा १९८१ चा ॲपल २ संगणकावरचा गेम, अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांनी लिहिलेला. डिजिटल एक्लिप्स या स्टुडिओने मे २०२४ मध्ये त्याचा रिमेक पूर्ण केला. त्यात खालून खरोखर मूळ ॲपल २ चा कोड चालतो, वर त्रिमितीय भुयार आणि राक्षस दिसतात. हवं तर पडद्याच्या कोपऱ्यात जुनं रेघोट्यांचं चित्रही दिसत राहतं. फासा तोच पडतो, त्यामुळे कुणाला शंका घ्यायला जागाच नाही. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या 'ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड'मध्येही हीच युक्ती आहे. चित्र अनरियल इंजिन ५ (गेम चालवणारं नवं सॉफ्टवेअर) काढतं, पण जगाचे नियम २००६ चं इंजिनच चालवतं. इतकं की मूळ गेममध्ये चुकून राहिलेलं एक रेकॉर्डिंग, ज्यात अभिनेत्री वाक्य अडखळून "थांबा, परत घेते" अशा अर्थाचं म्हणते, तेही मुद्दाम ठेवलं आहे. चाहत्यांना ते पाठ होतं, काढलं असतं तर आरडाओरडा झाला असता.

पण त्याच गेममध्ये लेव्हल (पात्राच्या ताकदीची पायरी) वाढवण्याची पद्धत मात्र बदलली, आणि माझ्या मते बरोबर बदलली. मूळ पद्धतीत तुम्ही कुठलं कौशल्य किती वापरलं यावरून ताकद, चपळाई वगैरे गुणांना बोनस मिळायचा. त्यामुळे हिशेबी खेळाडू आपलं आवडतं कौशल्य मुद्दाम 'मुख्य' यादीत (जिच्यावरून लेव्हल वाढायची) ठेवायचेच नाहीत आणि वही घेऊन बसायचे. जे आवडतं ते केल्यावर शिक्षा होते, असा तो नियम होता. आता प्रत्येक लेव्हलला १२ गुण मिळतात, ते वाटून टाकायचे. शत्रू मात्र तुमच्याबरोबर लेव्हल वाढवत राहतात, तशी गेमची जुनी खोड शाबूत आहे. ती काढली असती तर गेमच वेगळा झाला असता.

आत जुना कोड असला म्हणजे इमानाचा प्रश्न मिटला, असंही नाही. २०२० च्या 'डेमन्स सोल्स'मध्ये ब्लूपॉइंट स्टुडिओने २००९ च्या गेमचे नियम, शत्रूंच्या चाली, मारांच्या वेळा अगदी बारकाईने जपल्या. वेगवेगळ्या जगांत नेणाऱ्या दगडांपैकी मूळ गेममधला मोडका सहावा दगडसुद्धा मोडकाच ठेवला. पण इमारतींची घडण, काही राक्षसांचे चेहरे आणि संगीत बदललं. मूळचं उदास, सुनं जग भव्य झालं. त्यावरून चाहत्यांत आजही दोन तट आहेत. मी दोन्ही खेळलोय. हात म्हणतात गेम तोच आहे, कान म्हणतात नाही. एकाला निवडायचंच तर मी हातांचं ऐकतो, पण विरुद्ध बाजूचं म्हणणं मला खोटं वाटत नाही.

जिथे सगळं नव्याने लिहावं लागतं तिथे खरी डोकेदुखी सुरू होते, आणि तिचं मूळ असतं बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका. १९८७ चा पहिला 'फायनल फँटसी' बगांनी भरलेला आहे. त्यात बुद्धीचा आकडा आहे, पण जादूच्या ताकदीवर त्याचा काही परिणाम होत नाही. शस्त्राची धार वाढवणारे दोन मंत्र पैसे देऊन विकत घेता येतात, ते कामच करत नाहीत. प्रत्येक शस्त्राचा जोरदार फटका बसण्याची शक्यता वेगळी असायला हवी होती, पण प्रोग्रॅम ती वाचायच्या ऐवजी शस्त्राचा यादीतला क्रमांक वाचतो. म्हणजे यादीत खाली असलेली शस्त्रं आपोआप भारी. या सगळ्याचा एकत्रित परिणाम असा की तलवारवाला योद्धा गेम ओढून नेतो आणि जादूगार शेवटाकडे केविलवाणा होतो. हजारो लोकांनी गेम असाच खेळला, असाच जिंकला.

आता तुम्ही रिमेक करताय. बग दुरुस्त करणार? अर्थात करणार, कोण म्हणेल मंत्र बिघडलेलेच राहू द्या. पण दुरुस्त केलेत की जादू अचानक ताकदवान होते आणि शत्रूंचे आकडे जुन्या, दुबळ्या जादूच्या हिशेबानेच राहतात. गेम बॉय ॲडव्हान्सवरच्या २००४ च्या आवृत्तीत हेच झालं. शिवाय तिथे मोजक्या वेळा मंत्र वापरण्याची मूळ पद्धत काढून जादूचे सामायिक गुण आणले. परिणामी गुहेत शिरताना "किती वेळा आग टाकता येईल" हा विचारच संपला आणि गेम फार सोपा झाला. २०२१ च्या पिक्सेल रीमास्टरने (जुन्या ठिपक्यांच्या शैलीतली नवी आवृत्ती) मोजक्या मंत्रांची जुनी पद्धत परत आणली, ते मला फार आवडलं. अडचण असते म्हणून तर माणूस नियोजन करतो.

सगळेच बग एका माळेचे मणी नसतात. 'फायनल फँटसी ६'च्या मूळ १९९४ च्या आवृत्तीत शारीरिक वार चुकवण्याचा आकडा निव्वळ शोभेचा होता. वार असो की जादू, सगळं जादू चुकवण्याच्या आकड्यावर चालायचं. बहुतेकांना हे माहीतच नव्हतं, त्यामुळे नंतर दुरुस्त झालं तेव्हा कुणी रडलं नाही. पण त्याच गेममध्ये शत्रूला आधी अदृश्य करायचं आणि मग मृत्यूचा मंत्र टाकायचा, की मोठमोठे बॉससुद्धा (टप्प्याच्या शेवटी येणारे दांडगे शत्रू) एका झटक्यात गारद, ही चोरवाट शाळकरी पोरांना तोंडपाठ होती. ती बंद केली तेव्हा हळहळ झालीच. मी साधा निकष लावतो. लोकांना न कळता त्रास देणारा बग काढावा. लोकांनी शोधून, एकमेकांना सांगून जो डावपेच बनवला तो काढण्याआधी मात्र चार वेळा विचार करावा, आणि काढलाच तर त्याच्या जागी काही ठेवावं.

कधी कधी नियम बदलतो तो निव्वळ मशीनच्या मर्यादेमुळे. १९९० च्या 'फायनल फँटसी ३'मध्ये एका लढाईत आठपर्यंत शत्रू समोर यायचे. २००६ चा निन्टेन्डो डीएसवरचा रिमेक त्रिमितीय होता, आणि त्यात एका वेळी तीनच शत्रू उभे राहतात. आठांचं काम तिघांकडून करून घ्यायचं तर तिघांना दांडगं करावं लागतं. बॉस एका फेरीत दोनदा वार करू लागले, त्यामुळे पात्रांच्या वेगवेगळ्या पेशांची (योद्धा, जादूगार वगैरे) किंमतही बदलली. मूळच्या चार निनावी अनाथ पोरांना नावंगावं मिळाली, ती गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. शत्रूंच्या संख्येकडे फारसं कुणी बघितलं नाही, पण गेम बदलला तो तिथे. ज्याला जपानी येत नाही त्याला मूळ द्विमितीय 'फायनल फँटसी ३' अधिकृतपणे खेळायला मिळाला तो थेट २०२१ मध्ये.

आता ज्या रिमेकबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं तो, 'ड्रॅगन क्वेस्ट ३'. मूळ गेम निन्टेन्डोच्या जुन्या फॅमिकॉम मशीनवर १० फेब्रुवारी १९८८ ला आला. युजी होरी यांची रचना, अकिरा तोरियामा यांची चित्रं, कोइची सुगियामा यांचं संगीत. कार्ट्रिज होती २५६ किलोबाइटची, आज फोनवरचा एक फोटो त्यात मावत नाही. जागा वाचवायला सुरुवातीचा पडदासुद्धा कापला होता, काळ्या पार्श्वभूमीवर नुसतं नाव, संगीत नाही. एचडी-२डी रिमेक मे २०२१ मध्ये जाहीर झाला आणि १४ नोव्हेंबर २०२४ ला आला. तोवर सुगियामा आणि तोरियामा दोघेही गेले होते.

इमान राखायचं, पण कुठल्या मुळाशी? 'ड्रॅगन क्वेस्ट ३'ची १९९६ मध्ये फॅमिकॉमच्या पुढच्या मशीनवर, सुपर फॅमिकॉमवर सुधारित आवृत्ती आली होती. चोराचा पेशा त्यात आला, प्रत्येक पात्राला स्वभाव मिळाला आणि त्यावर गुणांची वाढ ठरू लागली. नव्या रिमेकने मूळ धरलं ते बहुतांशी हे. म्हणजे १९८८ चा गेम लहानपणी खेळलेला माणूस आणि १९९६ चा खेळलेला माणूस, दोघांची 'मूळ' आठवण वेगळी. कुठलाही निर्णय घ्या, एकाला तो उपरा वाटणारच.

या रिमेकचं चित्र मला अप्रतिम वाटतं. पिक्सेलची छोटी पात्रं, भोवती खोली असलेला देखावा, पाण्यावर प्रकाश. गावं मोठी झाली, सामान शोधायला जागा वाढल्या. पण हिशेबात तीन बदल झाले ते बघा.

मूळ गेममध्ये सगळी टोळी गारद झाली की अर्धं सोनं जायचं. नायक राजापुढे जिवंत उभा, बाकीचे शवपेटीत, त्यांना चर्चमध्ये पैसे भरून उठवायचं. म्हणून गेममध्ये पैसे ठेवायला पेढी होती, आणि मोठ्या गुहेत शिरण्याआधी पेढीवर जाऊन पैसे ठेवणं हा शहाणपणा होता. नव्या गेममध्ये ऑटोसेव्ह आहे (गेम आपोआप जतन होतो), हरलेल्या लढाईपासून पुन्हा सुरू करता येतं. झालं, पेढीची गरज संपली. दुसरा बदल, लेव्हल वाढली की हिट पॉइंट आणि जादू पूर्ण भरते. वरवर बघता ही मेहरबानी वाटते. पण पूर्वी गुहेच्या चौथ्या मजल्यावर जादू संपत आली की परत फिरायचं की पुढे जायचं हा जीवघेणा निर्णय असायचा. आता लेव्हल जवळ आली असेल तर परत फिरण्याऐवजी आणखी एक लढाई मारणं फायद्याचं. निर्णय नुसता सोपा झाला नाही, उलटा झाला. तिसरा बदल म्हणजे नवा पेशा, मॉन्स्टर रँग्लर (राक्षसी प्राणी हाताळणारा). जगभर विखुरलेले प्राणी गोळा करत गेलं की त्याचा एक हल्ला इतका वाढतो की बाकीचे पेशे शेजारी उभे राहून टाळ्या वाजवतात. कॅरमचा बोर्ड तोच, सोंगट्या त्याच, पण पावडर दुप्पट पडली की कालचा हात आज चालत नाही, तसा हा प्रकार आहे.

तरी मी या रिमेकला बेइमान म्हणत नाही. निर्मात्यांना हे कळत होतं असं दिसतं, कारण तीन काठिण्यपातळ्या दिल्या आहेत. सोप्या पातळीत टोळी मरतच नाही. कठीण पातळीत, जिला ड्रेकोनियन नाव आहे, शत्रू जास्त मारतात आणि अनुभव-सोनं कमी मिळतं. पुढे कुठे जायचं ते दाखवणारी खूण बंद करता येते. आजच्या नोकरदार माणसाला रात्री पाऊण तास मिळतो, त्याला ऑटोसेव्ह नको म्हणणं हा निव्वळ हट्ट झाला. माझी तक्रार एवढीच की लेव्हलबरोबर सगळं भरून देणं या गोष्टीला वेगळा चालू-बंद पर्याय हवा होता.

उलट टोकाचं उदाहरण 'पोकेमॉन ब्रिलियंट डायमंड' आणि 'शायनिंग पर्ल', नोव्हेंबर २०२१. यांनी २००६ च्या 'डायमंड' आणि 'पर्ल'चा नकाशा जवळजवळ चौकटी मोजून उतरवला. २००८ च्या 'प्लॅटिनम'मध्ये झालेल्या सुधारणा मात्र बाजूला ठेवल्या. गंमत बघा, मूळ गेममध्ये आगीचे पोकेमॉन इतके कमी होते की लीगमधला (शेवटच्या मोठ्या लढतींमधला) आगीचा उस्ताद फ्लिंट टीममध्ये स्टीलिक्स, ड्रिफब्लिम आणि लोपनी असे बिनआगीचे पोकेमॉन घेऊन उभा राहायचा. 'प्लॅटिनम'ने ते सुधारलं. रिमेकने तेच जुनं पुन्हा आणलं! आणि एवढं सोवळं पाळून अनुभवाचे गुण मात्र सगळ्या टीमला आपोआप वाटले जातात, ते बंद करता येत नाही. जुना नकाशा एका पोकेमॉनला मिळणाऱ्या अनुभवाच्या हिशेबाने आखलेला, आणि आता सहा जणांना वाटणी. मधला सगळा रस्ता लोण्यासारखा जातो आणि लीगमध्ये गेल्यावर एकदम थोबाडीत बसते. ज्या गोष्टी बदलायला हव्या होत्या त्या जपल्या आणि जी जपायला हवी होती ती बदलली, असं माझं मत.

'पर्सोना ३ रीलोड'बद्दल थोडक्यात सांगतो. २००६ च्या मूळ गेममध्ये साथीदारांना थेट हुकूम देता यायचा नाही, फक्त धोरण सांगायचं. काहींना ती गेमच्या कथेचीच बाजू वाटायची, की मित्र तुमच्या हातातली बाहुली नाही. २००९ च्या पीएसपी (हातात धरायचं प्लेस्टेशन) आवृत्तीने थेट ताबा दिला आणि २०२४ च्या रिमेकने तोच ठेवला. मला यात काही हरवलं असं वाटत नाही. साथीदाराने चुकीचा मंत्र टाकल्यामुळे मेलेला माणूस कथेचा विचार करत नसतो.

नीट जमलेलं काम बघायचं असेल तर नोव्हेंबर २०२३ चा 'सुपर मारिओ आरपीजी' बघा. मूळ १९९६ चा, रिमेक आर्टेपियाझा स्टुडिओचा, ज्यांनी पूर्वी 'ड्रॅगन क्वेस्ट'चे डीएस रिमेक केले होते. संगीत योको शिमोमुरा यांनी स्वतः पुन्हा बांधलं आणि मेनूतून जुनं संगीत लावायची सोय ठेवली. या गेमचा जीव म्हणजे वाराच्या क्षणी बटण दाबणं. रिमेकमध्ये तो क्षण दाखवायला उद्गारचिन्ह येतं. तुम्हाला जमायला लागलं की ते नाहीसं होतं, पुन्हा चुकायला लागलात की परत येतं. गुरू असावा तर असा. अचूक दाबलं तर आता शेजारच्या शत्रूंनाही मार बसतो, त्यामुळे गेम मुळापेक्षा सोपा आहे, हे खरं.

याच ठिकाणी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. जुना डब्बा टीव्ही सिग्नल आला की तसाच काचेवर ओढायचा, मध्ये विचार करायचा नाही. आजचा टीव्ही चित्र आधी घेतो, त्यावर संस्कार करतो आणि मग दाखवतो. सेकंदाला ६० फ्रेम (एकामागून एक दिसणारी चित्रं) धरल्या तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. टीव्ही सहज चार-पाच फ्रेम मागे असू शकतो. १९९६ च्या हिशेबाने बटणाची खिडकी (बटण दाबायला मिळणारा वेळ) दोन-चार फ्रेमची ठेवली तर आज बोट बरोबर पडूनही वार फुकट जाईल. म्हणून मूळ आकडा जसाच्या तसा ठेवणं इथे मुळाशी बेइमानी ठरते, खिडकी थोडी रुंद करावीच लागते. तुमच्या बाजूने एक करा, टीव्हीचा गेम मोड चालू ठेवा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

चित्रांबद्दल मी कमी बोलतोय, कारण त्यावर सगळेच बोलतात. पण अक्षरांबद्दल कुणी बोलत नाही. 'फायनल फँटसी'चे पहिले सहा पिक्सेल रीमास्टर २०२१-२२ मध्ये संगणक आणि फोनवर आले. पात्रांची चित्रं मूळच्याच पिक्सेल चित्रकार काझुको शिबुया यांच्या देखरेखीखाली पुन्हा काढली होती. एवढं करून इंग्रजी मजकुराला एक किरटा, अरुंद, कुठल्याही फॉर्मवर शोभेल असा टाइप लावला. पडद्याचा मोठा भाग मजकुराने व्यापलेला असताना! ओरड झाली, आणि एप्रिल २०२३ मध्ये निन्टेन्डो स्विच आणि प्लेस्टेशन ४ वर आवृत्त्या आल्या तेव्हा पिक्सेलच्या अक्षरांचा पर्याय मिळाला. शिवाय जुनं संगीत, लढाया बंद करण्याची सोय आणि अनुभव शून्यापासून चौपटीपर्यंत करायची कळ.

आपल्या लिपीचा विचार इथे मनात येतोच. जुन्या मशीनवर एक अक्षर म्हणजे ८ बाय ८ ठिपक्यांची एक फरशी. 'क्ष्म्या'सारखं जोडाक्षर, वर वेलांटी, खाली उकार, हे त्या फरशीत बसणं शक्यच नव्हतं. नव्या इंजिनात तो अडथळा उरलेला नाही, देवनागरी नीट जुळवणारी यंत्रणा तयार मिळते. तरी वर नावं घेतलेल्या एकाही रिमेकमध्ये मराठी किंवा हिंदीचा पर्याय नाही. अडचण आता तंत्राची नाही, गिऱ्हाइकांच्या संख्येची आहे.

आता किंमत. मी दोन गोष्टी बघतो. एक, हिशेब पुन्हा बसवला आहे का, की नुसती जुनी फाइल ताणून मोठी केली आहे. दुसरी, मूळ गेम दुसरीकडे कुठे मिळतो का. 'लाइव्ह अ लाइव्ह' सप्टेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आला आणि जुलै २०२२ पर्यंत अधिकृतपणे बाहेर पडलाच नाही. 'ट्रायल्स ऑफ माना' हा १९९५ चा गेम इंग्रजीत अधिकृतपणे आला २०१९ मध्ये, आणि त्रिमितीय रिमेक २०२० मध्ये. अशांना मी पूर्ण किंमत आनंदाने देतो. जिथे मूळ गेम स्वस्तात, नीट चालणाऱ्या रूपात मिळतो तिथे सेलची वाट बघतो. घाई कसली, तीस वर्षं थांबलोच आहोत.

सुरुवातीसाठी, स्विच असेल तर 'सुपर मारिओ आरपीजी'. लहान आहे, आठवड्या-दोन आठवड्यांत संपतो आणि रिमेक चांगला कसा असतो ते कळतं. निन्टेन्डोचं हार्डवेअर आपल्याकडे बहुतेक आयात होऊनच येतं, तेव्हा वॉरंटीचं नीट विचारून घ्या. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा संगणक असेल तर 'ड्रॅगन क्वेस्ट ३', मधल्या काठिण्यपातळीवर, पुढची खूण बंद करून आणि पहिल्या खेळात मॉन्स्टर रँग्लर न घेता. योद्धा, पुरोहित, जादूगार अशी जुनी टोळी घेऊन बघा, गेमचा मूळ ताल सापडेल. त्यानंतर 'फायनल फँटसी ६'चा पिक्सेल रीमास्टर, अनुभवाची कळ एकपटीवरच ठेवून. लढाया बंद करायचा मोह होईल, फक्त हरवलेली पेटी शोधायला मागे जाताना करा. 'विझर्ड्री' लगेच घेऊ नका. तो प्रेमाने बनवलाय, पण मूळ गेमच १९८१ चा, निर्दयी आहे.

डावपेच आवडत असतील तर 'इव्हॅलिस क्रॉनिकल्स'. त्यात दोन आवृत्त्या आहेत, जुनी 'क्लासिक' आणि आवाज, ऑटोसेव्ह, पडद्यावर पाळीचा क्रम असलेली 'एन्हान्स्ड'. पहिल्यांदा एन्हान्स्डच खेळा. क्लासिक घ्यायचीच असेल तर तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी रिओव्हेन्स किल्ल्यात शिरण्याआधी वेगळ्या जागी एक सेव्ह करून ठेवा. आत एकामागून एक लढाया आहेत, मध्ये नकाशावर परत येता येत नाही, आणि विग्राफ या शत्रूशी नायक रामझाला एकट्याने लढावं लागतं. एकाच सेव्हवर विसंबून तिथे अडकलेल्यांना गेम पहिल्यापासून सुरू करावा लागलेला आहे.